माणूस पडल्यापासूनची मिनिटं

मोठ्या कार्यक्रमात कुणी दगावलं की दुसऱ्या दिवशीचा वाद ठरलेला असतो. मैदानावर ॲम्ब्युलन्स किती होत्या? आयोजक छातीठोकपणे सांगतात की चार होत्या, डॉक्टरांचं पथकही होतं, परवानगीच्या अर्जात सगळं लिहिलेलं आहे. टीका करणारे म्हणतात, एवढ्या गर्दीला चार कशा पुरतील, दहा हव्या होत्या. तिसरा कुणीतरी म्हणतो, एवढी माणसं एका जागी जमवायचीच कशाला? दोन-तीन दिवस ही ओढाताण चालते आणि पुढच्या कार्यक्रमाच्या अर्जात चाराच्या जागी सहा लिहिले जातात. सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो माणूस खाली पडल्यापासून मदत करणाऱ्याचा पहिला हात त्याला लागेपर्यंत किती मिनिटं गेली?

सार्वजनिक कार्यक्रमाची वैद्यकीय व्यवस्था मिनिटांत मोजली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ॲम्ब्युलन्स, खाटा, डॉक्टर ही साधनं आहेत. ती किती आहेत यापेक्षा मैदानाच्या सगळ्यात अडचणीच्या कोपऱ्यात ती किती वेळात पोचतात यावर माणूस जगतो की मरतो हे ठरतं. ही मिनिटं कार्यक्रमाच्या दिवशी धावपळ करून कमी होत नाहीत. व्यासपीठ कुठे, खुर्च्यांच्या रांगा कशा, बॅरिकेड कुठे, पाणी कुठे, गाडीचा रस्ता कुठून, हे ठरतं तेव्हाच ती मिनिटंही ठरून जातात. म्हणून वैद्यकीय व्यवस्थेचा प्रमुख आखणीच्या पहिल्या बैठकीत बसलेला असला पाहिजे आणि गरज पडली तर कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे असला पाहिजे. सगळं ठरल्यावर त्याला बोलावून ‘तुमचं टेबल त्या कोपऱ्यात लावा’ म्हणायचं, ही पद्धत आधी बंद व्हायला हवी.

मिनिटांचा एवढा आग्रह शरीराच्या हिशेबामुळे धरावा लागतो. हृदय अचानक बंद पडलं की छातीवर दाब देणं आणि विजेचा झटका या दोन्हींवाचून गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. मोठी रक्तवाहिनी फाटून रक्त वाहायला लागलं तर पाच मिनिटंही खूप झाली. घास घशात अडकला, तर त्याहून कमी. या हिशेबात फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दहा गाड्यांना जागा नाही, कारण त्यांतली एकही गाडी पाच मिनिटांत गर्दीच्या मधोमध पोचणार नाही. मग त्या पाच मिनिटांत तिथे कोण असेल? वैद्यकीय व्यवस्थेची आखणी या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

मी काही वर्षं कार्यक्रमांमध्ये प्रथमोपचाराच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसलो आहे. एकदा संध्याकाळी वॉकी-टॉकीवर आवाज आला, ‘स्टेजजवळ एक बाई पडल्यात, लवकर या.’ स्टेजच्या कुठल्या बाजूला, हे सांगणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. समोरच्या लाउडस्पीकरमुळे आम्हाला त्याचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. स्ट्रेचर घेऊन निघालो तर मधल्या वाटेवर आयत्या वेळी जादा खुर्च्या लावलेल्या. लोक उठून बाजूला होत होते, पण एकमेकांना बांधलेल्या खुर्च्या हलत नव्हत्या. शेवटी स्ट्रेचर डोक्यावरून नेलं. आम्ही उजव्या बाजूला पोचलो आणि बाई डाव्या बाजूला होत्या. त्यांच्यापाशी गुडघे टेकून बसलो तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं झाली होती. त्यांची साखर उतरली होती. शेजारच्या मुलीने वेळेवर गोड सरबत पाजलं होतं आणि त्या सावरल्या होत्या. त्या दिवशी मैदानावर दोन ॲम्ब्युलन्स होत्या, एक डॉक्टर होते, आम्ही आठजण होतो. कागदावर एका ओळीचीही कमतरता नव्हती. त्यांचं हृदय बंद पडलं असतं तर त्या नऊ मिनिटांत काय झालं असतं, हे मी आजही मनातून काढू शकलेलो नाही.

ही चूक नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्यात नियम होता की रुग्णसेवेच्या गाड्या फौजेच्या एक लीग, म्हणजे चार-पाच किलोमीटर मागे ठेवायच्या. लढाई संपली की त्या पुढे यायच्या. तोवर जखमी जिथे पडले तिथेच तडफडत राहायचे, कित्येकदा दुसऱ्या दिवसापर्यंत. दॉमिनिक लारे या तरुण शल्यचिकित्सकाने १७९२ साली ऱ्हाइनच्या मोहिमेत हे पाहिलं. घोड्यांनी ओढलेल्या तोफा रणभूमीवर किती चपळाईने हलतात हेही त्याने पाहिलं, आणि त्याच धर्तीवर हलक्या, वेगवान गाड्या तयार करून घेतल्या. त्याने गाड्यांची जागा बदलली आणि लढाई चालू असतानाच त्या जखमीपर्यंत नेल्या. आधी कुणाला उचलायचं, हे हुद्द्यावर न ठरवता जखमेच्या गांभीर्यावर ठरवलं. दोनशेहून अधिक वर्षं उलटली, आणि आजही आपण गाड्या फाटकाबाहेर रांगेत लावून ‘व्यवस्था चोख आहे’ म्हणतो. मग त्या एक लीग मागे ठेवलेल्या गाड्यांपासून आपण किती पुढे आलो?

आकड्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो मी मान्य करतो. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला आकडा तपासता येतो. चार म्हणाले आणि तीनच दिसल्या, तर लगेच बोट ठेवता येतं. ‘वेळेत पोचू’ हे नुसतं आश्वासन ठरण्याचा धोका आहे. शिवाय आकड्यांचे निकष मोठी किंमत मोजून मिळाले आहेत. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये फुटबॉलचा सामना पाहायला आलेले लोक जाळीच्या कुंपणाशी चिरडले गेले. अखेरीस ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० च्या अहवालात दर हजार प्रेक्षकांमागे एक प्रशिक्षित प्रथमोपचारक, दोन हजारांहून अधिक प्रेक्षक असतील तर डॉक्टर, पाच हजारांहून अधिक असतील तर सुसज्ज ॲम्ब्युलन्स, अशा शिफारशी केल्या. त्याआधी काय होतं हे पाहिलं तर या शिफारशी फार मोलाच्या होत्या.

पण त्याच हिल्सबरोची गोष्ट पुढे वाचावी लागते. मैदानाबाहेर ॲम्ब्युलन्स येत होत्या, येऊन थांबत होत्या. आत मात्र मोजक्याच पोचल्या. आत प्रेक्षक जाहिरातींचे फलक उखडून त्यांचे स्ट्रेचर करत होते आणि मरणाऱ्यांना धावत नेत होते. २०१२ साली स्वतंत्र समितीने कागदपत्रं तपासली, तेव्हा निष्कर्ष निघाला की मृतांपैकी ४१ जणांना वाचण्याची संधी असू शकली असती. गाड्यांची संख्या दुप्पट केली असती तर त्यांतले किती वाचले असते? गाड्या तर दाराशीच होत्या. आकडा ही किमान अट म्हणून राहू द्या, पण त्यावर समाधान मानू नका. आणि वेळ तपासता येत नाही हेही खरं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, खुर्च्या आणि बॅरिकेड लागल्यावर, रिकामं स्ट्रेचर घेऊन टेबलापासून लांबच्या कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि घड्याळ लावा. अधिकाऱ्याने सोबत चालावं. याला अर्धा तास लागतो आणि एक पैसाही लागत नाही. भर गर्दीत त्याच अंतराला जास्त वेळ लागणार, हे धरूनच पुढचं ठरवावं.

दुसरा आक्षेप असा की एवढ्या कमी वेळात पोचायला दर पन्नास पावलांवर डॉक्टर उभा करावा लागेल, ते कुणाला परवडणार? डॉक्टरच लागतो असं धरल्यामुळे हा आक्षेप बळकट वाटतो. २००० साली अमेरिकेतल्या कॅसिनोंमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या सुरक्षारक्षकांना छातीवर दाब देण्याचं आणि एईडी, म्हणजे विजेचा झटका देणारं स्वयंचलित यंत्र वापरण्याचं शिक्षण दिलं होतं. झटक्याने पूर्ववत होऊ शकेल अशा प्रकारे हृदय बंद पडलेले १०५ जण त्यात होते. पडल्यापासून तीन मिनिटांत झटका मिळालेल्यांपैकी ७४ टक्के लोक बरे होऊन घरी गेले. त्याहून उशीर झालेल्यांपैकी ४९ टक्के. वाचवणारे होते दारावरचे रखवालदार. प्रत्येक कार्यक्रमात असे लोक आधीच असतात: फाटकावरचे, वाहनतळावरचे, रांगा लावणारे, माइक सांभाळणारे. ते गर्दीत विखुरलेले असतात, म्हणजे पाच मिनिटांच्या वर्तुळाच्या आतच असतात. त्यांना अर्ध्या दिवसाचं शिक्षण द्या, यंत्र कुठे टांगलंय ते दाखवा, आणि ‘स्टेजजवळ’ असं न सांगता ‘चार नंबरच्या खांबाच्या डावीकडे’ असं सांगायला शिकवा. यातल्या खांबांच्या नंबरांचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं. खांबावर मोठ्या अक्षरात लिहिलेला एक आकडा दोन मिनिटं वाचवतो.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन चालू सामन्यात कोसळला आणि साऱ्या जगाने ते पाहिलं. सहकाऱ्यांनी लगेच ओळखलं, डॉक्टर धावले, छातीवर दाब सुरू झाला, एका झटक्यात हृदय पुन्हा चालू झालं. पुढच्या वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला. सगळ्यांनी त्या पथकाचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण त्याच स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर, मधल्या खुर्चीत बसलेला साठीचा प्रेक्षक कोसळला असता तर? खेळाडूसाठी जी मिनिटं मोजतो, ती प्रेक्षकासाठी का मोजत नाही? आणि दोघांपैकी कोसळण्याची शक्यता कुणाची जास्त?

उन्हाच्या बाबतीत तर गाड्यांवरचा भरवसा घातक ठरतो. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं, माणूस बरळायला लागतो, बेशुद्ध पडतो. अशा वेळी आपली पहिली प्रतिक्रिया असते की उचला, गाडीत घाला, दवाखान्यात न्या. पण शरीर पहिल्या अर्ध्या तासात थंड झालं पाहिजे आणि तो अर्धा तास वाहतुकीत जातो. या विषयातले जाणकार सांगतात, आधी थंड करा, मग हलवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथ इथे ऑगस्टच्या उकाड्यात सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे बर्फाच्या पाण्याने भरलेले टब अंतिम रेषेजवळच तयार असतात. १८ वर्षांत त्या शर्यतीत उष्माघाताचे २७४ रुग्ण हाताळले गेले आणि सगळे वाचले. टब, बर्फ, पाणी, तापमापक आणि वेळ न घालवणारी चार माणसं एवढ्यावर हे साधलं. उन्हात होणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमाच्या अर्जात ॲम्ब्युलन्सचा आकडा विचारतात. बर्फ किती आणि टब कुठे, हे विचारलेलं मी पाहिलेलं नाही.

याला जोडून एक तक्रार नेहमी येते. प्रथमोपचाराच्या टेबलावर येणारे बहुतेक लोक डोकेदुखी, चक्कर, पायाला आलेले फोड, खरचटणं असलं काहीतरी घेऊन येतात. एवढ्यासाठी एवढा खर्च? येणाऱ्यांबद्दलचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. दहा-दहा तास बसून मी मुख्यतः पट्ट्याच चिकटवल्या आहेत. पण या किरकोळ तक्रारींची नोंदवही हा त्या मैदानाचा तापमापक असतो. पहिल्या तासात चक्कर येऊन आलेले तीन, दुसऱ्या तासात अकरा, आणि त्यांतले नऊ एकाच बाजूचे, तर त्या बाजूला सावली नाही किंवा पाणी संपलं आहे. अजून कुणी बेशुद्ध पडलेलं नाही. या क्षणी पाण्याची गाडी तिकडे वळवली, भाषणं आवरती घेतली, लोकांना मागे सरकू दिलं, तर पुढे येणारे गंभीर रुग्ण येतच नाहीत. उत्तम वैद्यकीय व्यवस्थेचं निम्मं काम असं न घडलेल्या गोष्टींमध्ये असतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यालाच लागते.

पण वहीत दिसलेलं सांगायचं कुणाला? खरी अडचण इथे आहे. व्यासपीठावर मोठी माणसं बसलेली असतात, वेळापत्रक आधीच लांबलेलं असतं आणि टेबलावरच्या डॉक्टरांचा निरोप कुणाच्या तरी सहायकाच्या सहायकापाशी अडतो. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ह्यूस्टनमधल्या ॲस्ट्रोवर्ल्ड संगीत महोत्सवात गर्दी पुढे दाटत गेली. रात्री ९ वाजून ३८ मिनिटांनी मोठ्या दुर्घटनेची अधिकृत घोषणा झाली. गाणं त्यानंतरही सुमारे अर्धा तास चालू राहिलं. दहा जण गेले. अशा ठिकाणी माणसं तुडवली गेल्यामुळेच मरतात असं आपण धरून चालतो, पण इथे चारी बाजूंच्या दाबाने छाती फुगेनाशी झाली. मराठीतला चेंगराचेंगरी हा शब्द या बाबतीत नेमका आहे: चेंगरणं म्हणजे दाबलं जाणं. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि कुणाचंच पाऊल स्वतःच्या मर्जीने पडत नाही. अशा गर्दीत उत्तमातलं उत्तम पथकही आत शिरू शकत नाही. त्या क्षणी वाचवण्याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे दाब कमी करणं: संगीत बंद, दिवे चालू, फाटकं उघडी. म्हणजे कार्यक्रम थांबवणं हा त्या क्षणीचा उपचार असतो. तो करण्याचा अधिकार डॉक्टरांकडे नसेल, तर त्यांना तिथे कशासाठी बसवलं?

थांबवलं तर लोक चिडतील, चेंगराचेंगरी त्यामुळेच होईल, आर्थिक नुकसान होईल, असं सांगितलं जातं. भीती खोटी नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये शिकागो मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्येच थांबवली, तेव्हा आयोजकांवर टीकेचा भडिमार झाला. वर्षभर तयारी केलेल्या धावपटूंचा संताप समजण्यासारखा होता, आणि वाटेतल्या पाण्याबद्दलच्या तक्रारीही गंभीर होत्या. पण थांबवायचं कधी, कुणी, कुठल्या शब्दांत, हे आधी ठरलेलं आणि जाहीर केलेलं असेल तर गोंधळ कितीतरी कमी होतो. आयत्या वेळी घाबरून घेतलेला निर्णय आणि ठरलेली मर्यादा ओलांडली म्हणून घेतलेला निर्णय यांत लोकांना फरक कळतो.

‘सरकारी आपत्कालीन सेवा आहे की, फोन केला की येते,’ हा युक्तिवाद मला सगळ्यात कच्चा वाटतो. कार्यक्रमानेच रस्ते अडलेले असतात, मोबाइलचं जाळं गर्दीमुळे कोलमडलेलं असतं, आणि सेवेतली गाडी मैदानावर अडकली की त्या भागातल्या घरात छातीत कळ येऊन पडलेल्या माणसाला ती मिळत नाही. आयोजकाने न केलेल्या खर्चाचं बिल त्या अनोळखी माणसाच्या नावावर फाडायचं का? २२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर अरीना या प्रेक्षागृहात बॉम्बस्फोट होऊन २२ निरपराध माणसं गेली. सार्वजनिक चौकशीच्या २०२२ मधल्या अहवालाने तपशीलवार दाखवलं की बाहेरची मदत आत यायला किती उशीर झाला. स्फोट झाला त्या दालनात फक्त तीन पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्स सेवेतले प्रशिक्षित उपचारक, पोचले, आणि तिथली कार्यक्रमाची स्वतःची वैद्यकीय व्यवस्थाही अपुरी होती. याउलट, १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ बॉम्ब फुटले, तेव्हा दमलेल्या धावपटूंसाठी उभारलेला वैद्यकीय तंबू काही पावलांवर होता. डॉक्टर, परिचारिका, चाकाच्या खुर्च्या सगळं हाताशी होतं. तिघे जागीच गेले. २६० हून अधिक जखमींपैकी जे रुग्णालयात पोचले ते सगळे वाचले. तो तंबू बॉम्बसाठी उभारलेलाच नव्हता. ‘सगळ्याच संकटांची तयारी कशी करणार?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हा तंबू आहे.

छोट्या आयोजकांची अडचण मात्र मला मनापासून पटते. पाचशे माणसांच्या कार्यक्रमाला मोठ्या महोत्सवाचे नियम लावले तर तो कार्यक्रम होणारच नाही, आणि माणसं एकत्र येणं थांबावं असं मला मुळीच वाटत नाही. म्हणूनच डोकी मोजून नियम लावू नका, जोखीम पाहा. खुर्चीत बसून व्याख्यान ऐकणारे पाच हजार आणि भर उन्हात धावणारे पाचशे, यांत जास्त तयारी पाचशेंना लागते. श्रोत्यांचं वय काय, ऊन किती, उभं राहायचं की बसायचं, दारू आहे का, जवळचं रुग्णालय किती दूर, यावर गरज ठरते. छोट्या कार्यक्रमाला कित्येकदा एक यंत्र, शिकलेले चार स्वयंसेवक, मोकळी ठेवलेली एक वाट आणि नंबर घातलेले खांब एवढं पुरतं. आणि जिथे आयोजकच नसतो तिथे? २९ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या इतेवॉन भागात सण साजरा करायला लोक आपणहून जमले. गर्दी चेंगरते आहे असा पहिला फोन संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता. त्यानंतर जवळपास चार तासांनी अरुंद गल्लीत अनर्थ झाला आणि १५९ माणसं गेली. अशा ठिकाणी जबाबदारी प्रशासनाची, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.

त्या नऊ मिनिटांनंतरच्या वर्षी आम्ही त्याच मैदानावर आदल्या संध्याकाळी स्ट्रेचर घेऊन चाललो. आयोजकांपैकी एकजण घड्याळ धरून सोबत होते. लांबच्या कोपऱ्यापर्यंत पाच मिनिटं लागली, तीही रिकाम्या मैदानात. वाट अडवत होती ती निमंत्रितांच्या खुर्च्यांची शेवटची रांग. ते गृहस्थ थोडा वेळ त्या रांगेकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी स्वतः दोरी सोडली, पोरांना हाक मारली आणि चौदा खुर्च्या उचलून मागे नेल्या. आम्ही स्ट्रेचर परत टेबलापाशी नेलं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर लावून चालायला लागलो.